शेऱ्याचा रकाना वाचणारा मिळाला, तरच ‘सिस्टम स्टडी’चे पैसे द्या

अंबडला जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देणारं, वर्कशॉप असो, पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाऊस असो की लासलगावला कांद्याचं खळं, धंद्यासाठी स्वतःचा डेटाबेस करून घ्यायचं ठरलं की कोटेशनच्या पहिल्याच ओळीत ‘सिस्टम स्टडी’ येते, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याआधी धंद्याच्या कामाची आणि नोंदींची पाहणी. कुणी तिला ‘रिक्वायरमेंट’ म्हणतं, कुणी ‘अ‍ॅनालिसिस’. समोरच्या रकान्यात बहुतेक वेळा रक्कम नसते, ‘फ्री’ असतं. पुढच्या सगळ्या ओळींवर मालक घासाघीस करतात आणि या ओळीकडे बघतही नाहीत. हा रिव्ह्यू फक्त त्या ओळीचा आहे. प्रोग्रॅम कसा लिहिला, स्क्रीन कशा दिसतात, हा विषय इथे नाही.

आधी निकाल सांगून टाकतो. नाशिकमध्ये ही सेवा तीन तऱ्हांनी मिळते. त्यांपैकी फुकटची घेण्यात अर्थ नाही, अकाउंटच्या बाजूने येणारी अर्धी उपयोगाची आहे, आणि वेगळे पैसे घेऊन केलेली पाहणी चांगली निघाली तर पुढच्या सगळ्या खर्चाची राखण करते. ‘निघाली तर’ हे शब्द मुद्दाम लिहिलेत.

फुकटच्या पाहणीत विक्रेत्याचा माणूस येतो, केबिनमध्ये दीड-दोन तास बसतो, लॅपटॉपवर आधीच्या गिऱ्हाइकाला दिलेलं सॉफ्टवेअर उघडतो आणि म्हणतो, “साहेब, तुमचंही नव्वद टक्के असंच असणार.” याला डेमो म्हणतात. त्यात वाईट काही नाही. तयार पॅकेज घ्यायचं असेल तर डेमोच बघावा. पण धंद्याच्या मापाचा डेटाबेस शिवून घ्यायचा असेल, तर दुसऱ्याचा सदरा दाखवून माप घेतलं असं होतं. शॉपफ्लोअरवर न जाता हा माणूस परत जातो, आणि मग चार महिन्यांनी ‘हे तर आधी सांगितलंच नव्हतं’ या वाक्यावर दोन्ही बाजूंची भांडणं सुरू होतात.

दुसरी तऱ्हा टॅलीचं काम करणाऱ्यांची किंवा अकाउंटंटच्या ओळखीने आलेल्यांची. यांना जीएसटी पाठ असतो. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक परत येता कामा नये, हे त्यांना सांगावं लागत नाही. ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला बिलावर एचएसएनचे, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या कोडचे, ६ अंक लागतात, खालच्याला ४, हेही माहीत असतं. त्यांचं जग मात्र बिलापासून सुरू होतं. बिलाच्या आधी माल आला, मोजला, कापला, फिरवला, बाहेर हीट ट्रीटमेंटला गेला, परत आला, त्यातले काही नग उडाले, हे सगळं त्यांच्या कागदात एका ‘स्टॉक’ नावाच्या चौकोनात मावतं. दुकानदाराला ते पुरेल. कारखान्याला नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे पाहणीचा करार वेगळा, पैसे वेगळे, आणि शेवटी हातात येणारा दस्तऐवज तुमच्या मालकीचा. तो घेऊन दुसऱ्या कुणाकडूनही प्रोग्रॅम करून घेता आला पाहिजे, हे करारात लिहून घ्यावं. पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपला जागेवरचे चार ते सहा दिवस आणि तेवढंच टेबलावरचं काम लागतं. कुणी एका दिवसात करून देतो म्हणाला तर ती पहिली तऱ्हाच आहे, नाव बदललेली. आणि कुणी दोन महिने मागितले तर तो तुमच्या खर्चाने तुमचा धंदा शिकतोय.

आता चांगली पाहणी ओळखायची कशी? माणूस पहिल्या दिवशी कुठे बसतो ते बघा. केबिनमध्ये बसला तर त्याला नियम कळतील. स्टोअरमध्ये बसला तर अपवाद कळतील, आणि डेटाबेस मोडतो तो अपवादांवर. मालकांना विचारलं, “माल कमी आला तर काय करता?” तर उत्तर येतं, “आपल्याकडे तसं होत नाही.” तोच प्रश्न स्टोअरकीपरला असा विचारायचा: “दादा, मागच्या वेळी चलनापेक्षा नग कमी निघाले तेव्हा काय केलं होतं?” (चलन म्हणजे मालाबरोबर येणारा-जाणारा कागद.) दादा रजिस्टर काढतात, उजवीकडचा शेवटचा रकाना दाखवतात. तिथे लिहिलेलं असतं: ‘५०० पैकी २ कमी, फोनवर कळवले.’

तो रकाना म्हणजे शेरा. हाताने आखलेल्या प्रत्येक रजिस्टरला तो असतो, आणि छापील रकान्यांत जे बसलं नाही ते सगळं तिथे जाऊन पडतं. ‘जुन्या ड्रॉइंगचा माल.’ ‘रिजेक्शन चलन नंतर देणार.’ ‘बिल करू नये, रीवर्क.’ ‘गाडी कंपनीची.’ ‘साहेबांनी सांगितले म्हणून सोडले.’ यातला प्रत्येक शेरा म्हणजे कुणी न सांगितलेली एक गरज आहे. पहिल्यात ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा रकाना दडलाय. दुसरा सांगतो की रिजेक्शनचा कागद मालाच्या मागाहून येतो, म्हणजे दोन्हींच्या तारखा वेगळ्या ठेवायला हव्यात. तिसऱ्यात शून्य रकमेची जावक, जी बिलाला कधीच जोडली जाणार नाही. पाचव्यातून मंजुरीची पायरी निघते, कुणी, कधी आणि कशाला परवानगी दिली त्याची.

ज्याला काम येतं तो गेल्या तीन महिन्यांचं आवक-जावक रजिस्टर मागून घेतो, प्रत्येक शेरा वहीत उतरवतो, सारख्यांचे ढीग करतो आणि मोजतो. वारंवार आलेल्या शेऱ्याला स्वतःचा रकाना मिळतो, एकदा-दोनदा आलेला शेऱ्यातच राहतो. हा दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा, कारण उत्साही माणूस सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला रकाना देऊन मोकळा होतो. मग साठ रकान्यांची स्क्रीन तयार होते, गेटवर ट्रक उभा असतो, आणि भरणारा पोरगा निम्म्या जागी टिंब टाकून पुढे जातो. मोबाइल नंबर सक्तीचा केलेल्या प्रत्येक यादीत ९९९९९९९९९९ नावाचा एक इसम असतोच.

जॉबवर्कवर जरा थांबतो, कारण सातपूर-अंबड पट्ट्यात सगळ्यात जास्त पाहण्या इथेच फसतात. कागदावर गोष्ट सोपी दिसते: कंपनीचा माल चलनावर आला, काम झालं, चलनावर परत गेला, मजुरीचं बिल झालं. कच्ची पाहणी यातून जावक चलनाच्या स्क्रीनवर ‘आवक चलन क्रमांक’ असा एक रकाना टाकते. पहिल्या आठवड्यातच तो तुटतो. ५०० नगांचं एक आवक चलन तीन जावक चलनांत परत जातं, आणि एका जावक चलनात आधीच्या दोन आवक चलनांचे उरलेले नग असतात. दोन्हीकडून अनेक. मग मधे एक वेगळं कोष्टक लागतं: अमुक जावकेतल्या अमुक ओळीने अमुक आवकेतले इतके नग फेडले. हे कोष्टक पाहणीच्या आकृतीत दिसत नसेल, तर बाकी कागद कितीही देखणा असो, परत करा.

तपासणी सोपी आहे. आकृतीतली प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी मराठीत मोठ्याने वाचायची. “एका आवक चलनाचा माल किती जावक चलनांत जाऊ शकतो? एका जावक चलनात किती आवक चलनांचा माल असू शकतो?” संगणकशास्त्रज्ञ पीटर चेनने १९७६ मध्ये मांडलेल्या चौकोन-रेषांच्या आकृतीचा मालकासाठी एवढाच उपयोग, पण तो मोठा आहे. हे वाचन सुपरवायझरसमोर करावं. इंग्रजीत ‘मेनी टू मेनी’ म्हटलं की तो मान डोलावतो, मराठीत विचारलं की म्हणतो, “तीन नाही ओ, पाच-पाच चलनांत जातो कधी कधी.”

नगांचा हिशेबही एका आकड्यात मावत नाही. चलनावर ५००, मोजून मिळाले ४९८, चांगले निघाले ४८७, प्रोसेस रिजेक्शन (कामात बिघडलेले) ६, मटेरियल रिजेक्शन (मुळातच सदोष आलेले) ५. प्रोसेस रिजेक्शनचे पैसे वर्कशॉपच्या खिशातून जातात, मटेरियल रिजेक्शनचे कंपनीच्या, आणि त्यावर केलेल्या कामाची मजुरी मिळते की नाही हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणजे तो नियम प्रोग्रॅममध्ये कोरायचा नाही, ग्राहकाच्या माहितीत ठेवायचा.

किलो आणि नग हा आणखी एक सापळा. धातूचा बार येतो किलोत, परत जातो नगांत. समजा ६२० किलो बार आला आणि एका नगाला १.२४० किलोचा तुकडा लागतो, तर हिशेबाने ५०० नग. तयार नगाचं वजन ०.८७० किलो, म्हणजे प्रत्येक नगामागे ०.३७० किलो चिप, म्हणजे कापताना निघालेला कीस, एकूण १८५ किलो. तयार माल ४३५ किलो, दोन्हींची बेरीज बरोबर ६२०. प्रत्यक्षात अशी बेरीज कधीच जुळत नाही. करवतीच्या फटीत माल जातो, प्रत्येक बारच्या टोकाला न पुरणारा तुकडा उरतो, दोन काट्यांची वजनं वेगळी येतात. किती टक्के फरक चालेल, तुकडे परत द्यायचे का, चिप कुणाची, या तीन प्रश्नांची उत्तरं पाहणीत नसतील तर डेटाबेस दर महिन्याला खोटा तुटवडा दाखवणार, आणि अकाउंटंट तो बुजवायला खोट्या नोंदी घालणार.

यात कायद्याचा काटाही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, भांडवली वस्तू तीन वर्षांत. डाय, मोल्ड, जिग आणि फिक्स्चर या टूल्सना ही मुदत नाही. आयटीसी-०४ हे विवरण माल पाठवणारी कंपनी भरते, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. पण त्यासाठी चलनवार तपशील ती जॉबवर्करकडेच मागते, तोही आजच संध्याकाळपर्यंत. त्यामुळे माल इथून पुढे प्लेटिंगवाल्याकडे गेला तरी मूळ चलनाची तारीख त्याच्याबरोबर चालत राहिली पाहिजे. आणि कंपनीची टूल्स मालाच्या यादीत टाकायची नाहीत, त्यांची यादी वेगळी. मुदतीचा इशारा त्यांच्यावर वाजायला लागला की आठवड्याभरात सगळेच इशारे बंद करून ठेवले जातात.

ग्राहकाची ओळख कशाने पटवायची? कच्च्या पाहणीचं ठरलेलं उत्तर: जीएसटी क्रमांक. १५ अक्षरी, त्यातले पहिले दोन राज्याचे, पुढचे १० पॅनचे, दिसायला अगदी पक्का. पण एकाच कंपनीचे सातपूर आणि चाकण असे दोन प्लांट एकाच २७ च्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, क्रमांकावर असू शकतात. तिथे कंपनीने पुरवठादाराला दिलेला व्हेंडर कोड वेगळा, दर वेगळे, माल घेणारा गेट वेगळा. ग्राहक आणि त्याचा प्लांट ही दोन वेगळी कोष्टकं हवीत. शेतकऱ्यांकडून माल घेणाऱ्यांना तर जीएसटी क्रमांकाचा उपयोगच नाही.

दरांचंही तसंच. आयटमसमोर एक दर लिहिला की काम झालं असं वाटतं. जुलैत कंपनी एप्रिलपासून लागू होणारी दुरुस्ती पाठवते, तेव्हा तीन महिन्यांच्या बिलांवर पुरवणी काढावी लागते. दराला ‘कधीपासून’ ही तारीख हवी, बिलाच्या ओळीवर त्या दिवशी लावलेला दर कायमचा उतरवलेला हवा, आणि पुरवणी कागदाला मूळ बिलाचा दुवा हवा. तिन्हींपैकी एक राहिलं तर दर बदलताच जुनी बिलंही बदललेली दिसतात. पैशांचं पूर्णांकन ओळीवर करायचं की बेरजेवर, हेही लिहून घ्या. चार पैशांच्या फरकाने ग्राहकाच्या सिस्टमने बिल अडवलं, तर ते चार पैसे शोधायला अख्खी दुपार जाते.

आणि रात्रपाळी! मध्यरात्रीनंतर झालेलं उत्पादन कोणत्या तारखेचं? सुपरवायझरच्या दृष्टीने कालच्या पाळीचं, संगणकाच्या घड्याळात आजचं. पाळीची तारीख वेगळी साठवायची, एवढा साधा उपाय. पण पाहणी करणारा कधी रात्री आलाच नसेल तर त्याला सुचणार नाही. एक फेरी पाळी बदलताना झाली पाहिजे, अशी अट घाला.

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये फसण्याची जागा दुसरीच. तिथे ‘शेतकरी’ हा एक चौकोन काढला जातो आणि त्यात नाव, गाव, मोबाइल, बँक खातं टाकलं जातं. प्रत्यक्षात सातबारा वडिलांच्या नावावर, सौदा मुलाशी, पैसे सुनेच्या खात्यात, आणि बागा तीन गटांत. म्हणजे चार वेगळ्या गोष्टी: जमिनीचा धारक, बाग सांभाळणारा, पैसे घेणारा आणि प्लॉट. युरोपला जाणाऱ्या मालासाठी तर प्लॉट हाच मुख्य, शेतकरी दुय्यम. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही द्राक्षाचा माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली तेव्हापासून नोंदणी बागेची होते, कीडनाशक अवशेषांची तपासणी त्या बागेच्या नमुन्याची होते, आणि पेटीवरून मागे जात त्या बागेपर्यंत पोचता यावं लागतं. पाहणीचा दस्तऐवज हातात आला की एक काल्पनिक पॅलेट क्रमांक घ्या आणि बोटाने रेषा धरत मागे जा: पॅलेट, त्यातल्या पेट्या, पॅकिंगचा दिवस, क्रेटची आवक, प्लॉट, अवशेष अहवाल. वाटेत कुठेही ‘हे बघून सांगता येईल’ असं उत्तर आलं तर तिथे दुवा तुटलेला आहे. अर्ध्या किलोच्या दहा पनेटांची (छोट्या डब्यांची) ५ किलोची पेटी, पण ग्राहकाप्रमाणे साडेचार किलोचीही; क्रेटचं रिकामं वजनही सगळ्यांचं सारखं नसतं. त्यामुळे पेटीचं वजन आणि क्रेटचं रिकामं वजन हे आकडे यादीत ठेवायचे, प्रोग्रॅमच्या पोटात नाही.

पाहणीची वेळ हा पॅकहाऊसवाल्यांचा खरा पेच. जानेवारी ते एप्रिल कुणाला पाच मिनिटं बोलायला फुरसत नसते, आणि सगळे अपवाद दिसतात ते त्याच दिवसांत. हंगाम संपल्यावरच्या खरड छाटणीनंतर निवांत बसून केलेल्या पाहणीत सगळं गुळगुळीत सांगितलं जातं. तोड चालू असताना एक पूर्ण दिवस फक्त बघायला या, प्रश्न विचारू नका, मग मे-जूनमध्ये कागदपत्रं घेऊन बसा, अशी विभागणी मान्य करणारा माणूस घ्यावा. नव्या डेटाबेसवर १ एप्रिलला जायचं हे अकाउंटला सोयीचं, पण द्राक्षवाल्यांसाठी तो ऐन धांदलीचा दिवस. तारीख ठरवताना फक्त सीएंना विचारू नका.

कांद्याबद्दल थोडक्यात. लिलावात पुकारलेला भाव आणि हिशेबपट्टीवर लागलेला भाव हे दोन वेगळे रकाने आहेत. गाडी रिकामी होताना माल वेगळा निघाला की वांधा होतो, भाव उतरतो. जुना भाव पुसून नवा लिहिला, तर वर्षाच्या शेवटी कोणत्या मालात किती गेले हे कधीच कळत नाही. कांदाचाळीत साठवलेल्या मालाची घट हीसुद्धा एक नोंद आहे, हिशेबातली चूक नव्हे.

नावांच्या बाबतीत बहुतेक पाहण्या अगदीच गरीब असतात. ‘मराठी सपोर्ट: होय’ एवढं लिहून विषय संपवतात. विचारायचं हे: नाव कोणत्या लिपीत साठवणार, शोध दोन्हींत लागेल का, जुना डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये कोण आणणार? युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘लक्ष्मण’ दिसायला तीन अक्षरं, पण हलंत धरून चिन्हं सात, म्हणजे २१ बाइट. ओरॅकल या डेटाबेसमध्ये एकक न सांगता २० लांबी ठेवली तर ती बाइटमध्ये धरली जाते आणि लक्ष्मणराव दारातच अडतात. ‘कुऱ्हाडे’ किंवा सुरगाण्यातलं ‘बाऱ्हे’ यातला ऱ दोन प्रकारे टाइप होतो, दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकच सापडतो. गावांचंही बघा. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब, पिंपळगाव नजीक. ‘पिंपळगाव’ एवढंच टाइप करायला मोकळीक दिली तर वर्षभरात सगळ्यांची मिसळ होते. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो वापरा म्हणावं.

जुना डेटा एक्सेलमध्ये असतो, आणि एक्सेल आकड्यांशी काय करतं हे पाहणीतच बघायला हवं. १५ अंकांपुढचे अंक ते शून्य करून टाकतं, त्यामुळे १६ अंकी बँक खातं गुपचूप बिघडतं. सुरुवातीचं शून्य गळतं, आणि नाशिकच्या दोन मोठ्या पिकांचे एचएसएन शून्यानेच सुरू होतात: कांदा ०७०३, द्राक्ष ०८०६. खातं, एचएसएन, पिनकोड, मोबाइल यांची बेरीज कुणी करत नाही. तेव्हा हे सगळं मजकूर म्हणून साठवायचं, आकडा म्हणून नाही, असं दस्तऐवजात लिहिलेलं हवं.

दस्तऐवजाबद्दल. हातात येतो तो सहसा साठ-सत्तर पानी इंग्रजी गठ्ठा असतो, त्यातली पहिली पंधरा पानं कोणत्याही कंपनीला चालतील अशी. तो वाचून सही करणारा मालक विरळा. त्यापेक्षा रकान्यांची यादी किती नीट आहे ते बघा. एक चांगली ओळ अशी असते: ‘आवक नग: चलनावर लिहिलेले नव्हे, मोजून घेतलेले, पूर्णांक, भरणार स्टोअरकीपर, जावक सुरू झाल्यावर बदलण्यास मालकांची मंजुरी, उदाहरण ४९८.’ ‘क्वांटिटी, न्यूमेरिक, सक्तीचे’ एवढीच ओळ असेल तर तिची किंमत शून्य. प्रत्येक गरजेला क्रमांक हवा, ती पहिल्या दिवशी हवी की नंतर चालेल हे हवं, आणि ती कुठून आली हे हवं: कोणत्या कागदावरून, कोणत्या शेऱ्यावरून, कुणाच्या तोंडून. जिचा उगम सांगता येत नाही ती बहुधा विक्रेत्याच्या आधीच्या कामातून उचललेली असते.

बदलांची नोंद, जपणूक आणि अधिकार यांवर एखादं पान तरी हवंच. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं आणि तो बंद न करता येणं बंधनकारक आहे. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची. त्यामुळे ‘डिलीट’ हे बटण बऱ्याच स्क्रीनवर असूच नये, त्याजागी ‘रद्द’ हवं, कारणासहित. दर कुणाला दिसावेत आणि कुणाला नाही, हे मालक आपणहून सांगत नाहीत, पण विचारलं की त्यांचं उत्तर तयार असतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी म्हणजे कागदी फेरी. गेल्या महिन्यातली वीस चलनं काढायची, त्यांपैकी पाच मुद्दाम वेडीवाकडी. नव्या स्क्रीनचे रकाने कागदावर किंवा साध्या एक्सेलमध्ये आखून, ती वीसच्या वीस चलनं स्टोअरकीपरच्या हातून भरून घ्यायची. जिथे तो थांबतो, वर बघतो किंवा शेऱ्यात लिहायला लागतो, तिथे गरज राहून गेलेली असते. मग त्याच भरलेल्या नोंदींतून महिन्याचा एक रिपोर्ट हाताने काढून बघायचा. निघाला नाही, तर त्यासाठी लागणारा रकाना कुठेच नाही. अर्ध्या दिवसाचं काम. करारात हे नाव घालून लिहा आणि पैशांचा शेवटचा हप्ता या फेरीनंतर द्या, दस्तऐवज मिळाल्यावर नाही.

ही सेवा सगळ्यांनी घ्यावी असं अजिबात नाही. एक बिलबुक, दोन-तीनशे आयटम, रोखीचा किरकोळ धंदा असेल तर टॅलीसारखं तयार पॅकेज पुरतं आणि पाहणीचे पैसे वाया जातात. उलट आपल्या कामाची पद्धत तयार पॅकेजप्रमाणे बदलणं तिथे शहाणपणाचं. माल दुसऱ्याचा आणि काम आपलं, किंवा मालाचा माग शेतापर्यंत न्यायचा, किंवा एकाच वस्तूची दोन मापं, यांपैकी काही असेल तर मात्र वेगळी पाहणी घ्याच. एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के तिच्यावर गेले तरी जास्त वाटून घेऊ नये.

पाहणीवाल्याला बोलावण्याआधी टेबलावर एवढं काढून ठेवा: तीन महिन्यांची सगळी रजिस्टरं, गेटवरचंही, प्रत्येक प्रकारच्या चलनाचा एकेक भरलेला नमुना, ग्राहकाने परत पाठवलेली बिलं, आणि सुपरवायझरच्या खिशातली छोटी डायरी, तो देत असेल तर. रजिस्टरं नीट उतरवून, खाडाखोड काढून देऊ नका, आहेत तशीच द्या. शेवटच्या दस्तऐवजावर मालकांच्या सहीशेजारी स्टोअरकीपरच्या सहीलाही जागा ठेवा, आणि त्याने वाचून दाखवल्याशिवाय ती घेऊ नका.